कॅम्पर ट्रेलर गळतोय कुठून? शोधाला लागण्यापूर्वीची तयारी

थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेल, असे धरून चालणे ही गळती शोधताना सर्वांत महागात पडणारी चूक आहे. छताच्या पत्र्याखाली किंवा रबरी आवरणाखाली शिरलेले पाणी लाकडी वाशाच्या कडेने, वायरवरून, इन्सुलेशनखालून सरकत जाते आणि ट्रेलर ज्या बाजूला कलला असेल तिकडे, कधी दोन-तीन मीटर लांब, खाली उतरते. म्हणून फटी बुजवणाऱ्या सीलंटची नळी हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. ट्रेलरचा साधा आराखडा काढा आणि प्रत्येक डाग, फुगलेले पॅनेल, मऊ पडलेली फरशी त्यावर दाखवा. डागाच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा, म्हणजे तो वाढतो आहे की जुना आहे हे कळेल. पाणी कधी येते तेही लिहा: पावसात, पाऊस नसताना, पंप चालू असताना, एसी चालू असताना की ओल्या रस्त्यावर ट्रेलर ओढताना. यातच अर्धा शोध लागतो. पाऊस नसताना आणि एसीही बंद असताना ओल येत असेल तर छतावर चढण्याचे कारण नाही, आणि फक्त प्रवासात येत असेल तर चाकांच्या वरचे कोनाडे, तळाचे पॅनेल आणि पुढची भिंत आधी पाहायची.

सामान फार लागत नाही. चांगला टॉर्च, मास्किंग टेप, प्लॅस्टिकचे कापड, टिश्यू पेपर, खाण्याचा रंग, भांड्याच्या साबणाचे पाणी भरलेली फवारणीची बाटली, पाणसळ, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि साधी पाण्याची नळी. ओलावा मोजायचा मीटर मात्र जरूर घ्या, टोचायच्या पिनांचा. लाकडात 15 टक्क्यांपर्यंतचा आकडा कोरडा समजावा, 20 च्या वर गेला की तिथे पाणी आहे असे धरून शोध घ्यावा. आधी नक्की कोरड्या असलेल्या जागी मोजून तो आकडा पायाभूत ठेवा. धातूची पट्टी किंवा चंदेरी आवरणाचे इन्सुलेशन मागे असेल तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. पिनांची भोके दिसू नयेत म्हणून कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत टोचा.

ट्रेलर दोन-तीन दिवस कोरडा राहिलेला असावा, नाहीतर जुनी ओल आणि नवे पाणी यांतला फरक कळत नाही. कपाटे रिकामी करा, गाद्या बाहेर काढा, काढता येतील तेवढी पॅनेले काढा. चाकांना ठोकळे लावा, पाणसळीने ट्रेलर सपाट करा. बाहेरून येणारी वीज तोडा. दिव्यांभोवती पाणी येत असेल तर बॅटरीचे कनेक्शनही काढा. पंपाच्या चाचणीपुरते तेवढेच जोडा.

आधी नळकाम तपासा, कारण ते तासाभरात उरकते. टाकी भरा, पंप चालू करा, सगळ्या तोट्यांतली हवा काढून त्या बंद करा. पंप थांबला की पुढचा अर्धा तास तो गप्प राहिला पाहिजे. मधेच क्षणभर सुरू होत असेल तर दाबाखालच्या नळीत गळती आहे, किंवा पंपातली एकदिशा झडप पाणी परत टाकीत सोडते आहे. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा: पंप, गीझर, टॉयलेटची झडप, तळाच्या निचऱ्याच्या तोट्या. सगळे टिश्यू कोरडे राहिले तर झडपेवर संशय घ्यावा. ट्रेलर बाहेरच्या नळाला जोडल्यावर टाकी आपोआप भरू लागणे हीदेखील झडप खराब झाल्याची खूण. बाहेरचा नळ जोडताना दाब नियंत्रक लावा, 40 ते 50 पीएसआय (दाब मोजायचे एकक) पुरतात. सांडपाण्याच्या नळ्यांत दाब नसतो, म्हणून त्यांची चाचणी वेगळी: सिंक काठोकाठ भरा, पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि बूच एकदम काढा. शॉवरमध्ये आधी थेट जाळीत बादली ओता आणि नंतर फक्त भिंतींवर फवारा मारा. जाळीचा जोड आणि भिंतीची फट यांतला दोषी मग सापडतो.

आता बाहेरची नजर-तपासणी. छत माणसाचे वजन पेलते का हे ट्रेलरच्या पुस्तिकेत पाहा. पेलत असेल तरी प्लायवूडचा तुकडा आडवा टाकून त्यावर गुडघे टेका, नसेल तर शिडीवरूनच काम करा. छताचे मोठे पृष्ठभाग क्वचित गळतात. गळतात ती छिद्रे आणि कडा. व्हेंट, स्कायलाइट, अँटेना, सांडपाण्याच्या नळीची टोपी, पुढची-मागची आडवी पट्टी यांभोवतीच्या सीलंटवर भेगा, उचललेल्या कडा, सुईएवढी भोके शोधा. कोपऱ्याच्या पट्टीतली प्लॅस्टिकची फीत उन्हाने आखडते आणि टोकाला उघडी जागा सोडते. ती ओढून काढा आणि आतले स्क्रू पाहा. गंजलेला स्क्रू म्हणजे पाणी त्याच्या आट्यांवरून लाकडात जाते आहे. वरच्या कडेला बसवलेल्या छोट्या दिव्यांना सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी असावे, खालची बाजू मोकळी असावी. खालूनही बंद केले तर आत शिरलेले पाणी मागे भिंतीत जाते. खिडकीच्या खालच्या खोबणीत वाटीभर पाणी ओता. ते बाहेरच्या निचऱ्याच्या छिद्रांतून लगेच गेले नाही तर छिद्रे मातीने बुजली आहेत आणि खिडकी बदलण्याची काही गरज नाही.

पाण्याच्या नळीची चाचणी ही खरी कसोटी आणि ती घाईने बिघडते. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. प्रेशर वॉशर अजिबात नको. पाऊस कधीच जाणार नाही तिथे तो पाणी घुसवतो आणि चांगला सीलही उचकटतो. हलकी धार, आणि सुरुवात तळापासून. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या खिडक्या-दिव्यांवरून जातो आणि नेमके कोण गळले ते सांगता येत नाही. एका वेळी मीटरभर पट्टा किंवा एकच खिडकी, दहा मिनिटे. मग नळी बंद करून आणखी दहा मिनिटे थांबा, कारण पाण्याला इन्सुलेशनमधून यायला वेळ लागतो. छत शेवटी, आणि तिथेही एकेक व्हेंट सुटा. आत पाणी दिसले की काम थांबवा, ती जागा वाळवा, संशयित फट टेप आणि प्लॅस्टिकने झाका आणि पुन्हा तेवढेच पाणी सोडा. झाकल्यावर गळती थांबली तरच ती फट दोषी मानायची. ही उलटतपासणी बहुतेक जण टाळतात आणि म्हणूनच पुढच्या पावसात डाग परत येतो.

पाण्याने निकाल लागला नाही तर हवा वापरा. गॅसची टाकी बंद करा, सगळ्या ज्योती विझवा, सांडपाण्याच्या सापळ्यांत, म्हणजे सिंक-शॉवरखालच्या नळीच्या वाकलेल्या भागांत, पाणी भरा. एका व्हेंटमध्ये आत हवा फेकणारा पंखा बसवा, बाकी उघड्या जागा पुठ्ठा आणि टेपने बंद करा. बाहेरून साबणाचे पाणी फवारा. फट असेल तिथे बुडबुडे फुगतात. सकाळी ऊन चढण्याआधी करा, नाहीतर साबण लगेच वाळतो. भिंतीचे पॅनेल फुगताना दिसले तर पंख्याचा वेग लगेच कमी करा.

दोन फसव्या गोष्टी राहिल्या. एसीचे निचऱ्याचे छिद्र तुंबले तर कोरड्या दिवशीही छतातून पाणी ठिबकते. एसी आणि छत यांमधली मऊ गादी, म्हणजे गास्केट, दबून सपाट झाले तर पावसाचे पाणी येते. तेव्हा एसीचे सगळे बोल्ट आतून थोडे थोडे, सारखे आवळायचे. दुसरी गोष्ट बाष्प. थंड रात्री श्वास आणि स्वयंपाक यांची वाफ खिडक्यांवर, गाद्यांखाली साचते. संशयित जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून 24 तास ठेवा. खोलीकडच्या बाजूने थेंब आले तर ते बाष्प, भिंतीकडच्या बाजूने आले तर ओल आतून येते आहे. कापडी तंबूचा कॅम्पर असेल तर नवे सुती कॅनव्हास शिवणीतून गळतेच. दोन-तीनदा पूर्ण भिजवून वाळवले की धागे फुगून सुईची भोके भरतात.

दुरुस्तीचे सामान गळती सापडल्यावर आणा, कारण ते छताच्या प्रकारावर ठरते. छतावरच्या सपाट जोडांना आपोआप पसरणारे लॅप सीलंट, पट्ट्या आणि चौकटींखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), ढिले झालेल्या भोकांना एक माप जाड स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. सिलिकॉन छतावर लावू नका. ते निघाल्यावरही थर मागे राहतो आणि त्यावर दुसरे काही चिकटत नाही. रबरी छत पेट्रोलजन्य द्रावकाने पुसू नका, त्याने ते फुगते. आतले लाकूड स्क्रू-ड्रायव्हरच्या बोथट टोकाने दाबून पाहा. रुतले तर तो तुकडा बदलावाच लागतो. बाहेरची फट बंद केल्यावर पॅनेल लगेच लावू नका. पंखा लावून वाळवा, मीटरचा आकडा पायाभूत आकड्यापर्यंत उतरू द्या, मग तीच जागा पुन्हा नळीने भिजवा. आकडा हलला नाही तरच पॅनेलचे स्क्रू आवळा.