बेंच ग्राइंडरचा धोका असा कमी केला

उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. ग्राइंडरच्या फिरत्या घासणाऱ्या चाकावर टूल घासताना ते चाक आणि रेस्टच्या (टूल टेकवायच्या आधाराच्या) फटीत अडकायचं, कारागिराचा हात ओढला जायचा. मशीन बंद करून रेस्ट चाकापासून ३ मिमीच्या आत आणली. चाक झिजेल तशी फट वाढते, म्हणून ती वरचेवर बघावीच लागते.

नवं चाक बसवण्याआधी ते बोटात अडकवून हत्याराच्या लाकडी मुठीनं हळूच ठोकतो. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर तडा आहे, ते सरळ फोडून टाकायचं. चाकावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मोटरच्या आरपीएमपेक्षा कमी नको. हातमोजे इथं घालू देत नाही, चाक ते ओढून घेतं. गॉगल मात्र सक्तीचा, आणि तो माझ्या खर्चानं. कारागिराच्या पगारातून त्याचे पैसे कापणं मला पटत नाही.