राऊटरच्या बिटांच्या या चुका टाळा: घरी पहिलं कपाट करणाऱ्यांसाठी

वर्धा जिल्ह्यात आता गावोगावी स्वतःचं कपाट स्वतः करायला घेणारी पोरं दिसतात. व्हिडिओ बघतात, राऊटर (लाकडात खाचा मारायचं, कडा कापायचं विजेचं मशीन) मागवतात, तालुक्याहून प्लाय आणतात. मला याचा आनंदच आहे. पण बिघडलेलं काम घेऊन जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांच्या चुका ठरलेल्या असतात. मशीन खराब निघाली असं क्वचितच होतं. बिट, म्हणजे राऊटरमध्ये बसवायचं फिरणारं पातं, चुकीचं घेतलेलं असतं, नीट बसवलेलं नसतं, नाहीतर घाई केलेली असते.

दोन सूत म्हणजे ६ मिमी नव्हे

सगळ्यात जास्त लाकूड याच चुकीनं वाया जातं. इंचाचे आठ सूत, म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. दांडा म्हणजे बिटाचा मशीनमध्ये जाणारा भाग. बाजारात पाव इंची दांड्याची बिटंही मिळतात आणि ६ मिमी दांड्याचीही. शेजारी ठेवली तरी डोळ्याला फरक कळत नाही. मोठ्या राऊटरचंही तेच, चार सूत म्हणजे १२.७ मिमी आणि १२ मिमीचं बिट वेगळं. पाव इंची कोलेटात, म्हणजे दांडा पकडणाऱ्या मशीनच्या बाहीत, ६ मिमीचं बिट जातं, नटही आवळला जातो, हातानं ओढलं तर निघतही नाही. पण लाकडाचा जोर आला की ते फिरता फिरता खाली सरकायला लागतं.

सेलूकडच्या एका गावातल्या पोरानं स्वयंपाकघराच्या कपाटासाठी १८ मिमी प्लायच्या फळीत खणांच्या खाचा मारायला घेतल्या. खोली धरली होती ६ मिमी. पहिली खाच बरोबर आली, दुसरी जरा खोल गेली. त्यानं खोली पुन्हा लावली आणि काम पुढे रेटलं. चौथ्या खाचेच्या टोकाला बिट फळीच्या पाठीतून बाहेर निघालं. फळी मोटरसायकलवर बांधून तो माझ्याकडे आला. "भाऊ, डेप्थचा स्क्रू चांगला आवळला होता जी, तरी खाच खोलच होत चालली. मशीनच बिघडली असंन."

मी बिट काढून उजेडात धरलं. दांड्यावर निळसर काळे वळसे उमटले होते. बिट कोलेटात घसरत फिरलं की असेच वळसे पडतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर दांडा ६ चा, कोलेट पाव इंची. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की दोन्ही एकच. फळी तर गेलीच, कोलेटही बाद झाला. आतून असा ओरबाडला गेला की मापाचं बिटसुद्धा तो भरवशानं धरत नाही.

म्हणून बिट घ्यायला जाताना खिशात व्हर्नियर ठेवा आणि दुकानातच दांडा मोजा. बसवण्याआधी मी दांडा आणि कोलेट कोरड्या फडक्यानं पुसतो, कारण चिमूटभर भुसासुद्धा पकड ढिली करतो. बिट तळाला टेकेपर्यंत आत घालायचं आणि २-३ मिमी वर ओढून मग नट आवळायचा. तळाला टेकलेलं राहिलं तर नट घट्ट वाटतो, पण पकड खरी नसते. दांडा जिथे पात्याकडे जाड होत जातो, तो भाग कोलेटात जाऊ देऊ नका. मग कोलेटाच्या तोंडाशी दांड्यावर मार्करनं बारीक रेघ मारायची. पहिली खाच झाली की प्लग काढून रेघ बघा. केसभर जरी सरकली असेल तर तिथेच थांबा.

दांड्याला टेप किंवा कागद गुंडाळून जागा भरणारे लोकही मी पाहिले आहेत. हे करूच नका. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारं पातं कागदाच्या भरवशावर ठेवायचं नसतं.

१८ चा प्लाय, म्हणून १८ चं बिट

हिशेब सरळ वाटतो, आणि म्हणूनच फसवतो. १८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय मोजला की बऱ्याचदा १८ पेक्षा कमी भरतो, आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीटमध्येही फरक असतो. १८ च्या खाचेत अशी फळी डुगडुगते. उलट दोन्ही बाजूंनी १ मिमी सनमाइका चिकटवला की तीच फळी २० च्या आसपास जाते आणि खाचेत शिरतच नाही. मग हातोडी निघते आणि सनमाइक्याची कड फुटते.

मी १२ मिमीचं सरळ बिट वापरतो आणि खाच दोन फेऱ्यांत रुंद करतो. सनमाइका लावून, वाळवून तयार झालेल्या फळीचाच तुकडा मापाला घेतो. सरळ पट्टी क्लॅम्पनं आवळून पहिली फेरी मारायची, पट्टी सरकवायची, दुसरी मारायची. आधी टाकाऊ तुकड्यात. फळी हाताच्या दाबानं आत बसली आणि उलटं केल्यावर पडली नाही, तर माप जमलं. टाकाऊ तुकड्यावर दहा मिनिटं घालवायला नवशिक्यांना जड जातं. ज्याला ती दहा मिनिटं नाहीत, त्यानं राऊटर हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टी कुठल्या बाजूला लावायची हेही पाहून ठेवा. राऊटर पुढे ढकलताना तो डावीकडे ओढ घेतो, म्हणून पट्टी डाव्या बाजूला हवी. उजवीकडे लावली तर मशीन पट्टी सोडून पळते आणि खाच वाकडी होते.

बाकीच्या चुका

पूर्ण खोली एका दमात घेणं. पाव इंची दांड्याच्या बिटानं एका फेरीत ३ मिमी, म्हणजे साधारण एक सूत, बस झालं.

कडेनं उलट्या दिशेला चालवणं. फळीची कड तुमच्याकडे असेल तर राऊटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलट नेला की पातं लाकडावर चढून धावतं आणि मशीन हातातून हिसकावतं.

मोठं बिट ट्रिमरला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राऊटरला, लावणं. ८० मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी ३६० किमी होतो. दरवाज्याच्या पॅनलची ती रुंद बिटं टेबलावर बसवलेल्या मोठ्या राऊटरलाच लावायची, वेग १२,००० च्या आसपास उतरवून.

स्वस्त एचएसएस (हाय स्पीड स्टीलची) बिटं घेणं. प्लायमधला गोंद त्यांची धार लवकर मारतो. सागवानातही सिलिका असते, त्यामुळे कपाटाची चौकट आलापल्लीच्या चांगल्या सागाची करणार असाल तरी बिट त्याहून कडक अशा कार्बाइडचंच हवं. पंधरा बिटांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा १२ चं सरळ, पाठीच्या ६ मिमी प्लायसाठी एक बारीक सरळ आणि सनमाइका कापायला बेअरिंगचं एक, अशी तीन चांगली घ्या.

बेअरिंग न तपासणं. फेव्हिकॉल लागून ते अडकलं की पात्यासोबत फिरतं आणि सनमाइक्यावर जळका पट्टा पडतो. बोटानं फिरवून बघा. बिट रॉकेलमध्ये बुडवायचं तर बेअरिंग आधी काढा, नाहीतर आतलं ग्रीस निघून जातं.

खाच काळी पडली की सगळे बिटाची धार गेली म्हणतात. आपल्याकडे आधी व्होल्टेज बघा. शेतातले पंप सुरू झाले की गावातला दाब उतरतो, राऊटरचा आवाज खाली येतो, आणि पातं कापण्याऐवजी घासायला लागतं. बल्बची पातळ वायर लांबवर ओढून काम करत असाल तर आणखीच. वायर २.५ चौरस मिमीची तीन तारांची घ्या.

आणि काम चालू असताना लाईट गेली, तर राऊटर चालूच्या बटणावर तसाच फळीवर ठेवून चहाला जाऊ नका. लाईट आली की तो आपोआप सुरू होतो, आणि तेव्हा शेजारी घरातलं लेकरू उभं असू शकतं. लाईट गेल्याबरोबर बटण बंद करा, प्लग बोर्डातून काढा, मगच उठा.