सोलापुरात गल्लीतली पोरं मत कशावरून ठरवतात हे जाणून घ्यायचंय? मग असं विचारा

पहिली गोष्ट, "मत कुणाला देणार बे" हे विचारूच नका. कट्ट्यावर चार जणांत विचारलं की जो जास्त बोलतो त्याचंच नाव बाकीचे घेतात. एकेकट्याला गाठा आणि घरापासून सुरू करा, वडील कुणाच्या प्रचाराला जायचे, विड्या वळणारी आई कुणाला मानते वगैरे. पसंतीचा पाया बहुतेकांचा तिथंच पडलेला असतो. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या घरांत जाणार असाल तर तेलुगू येणारा दोस्त बरोबर न्या, घरातलं माणूस घरच्या भाषेतच मोकळं बोलतो.

मग नळाचं काढा. उजनी धरण भरलं तरी आपल्याकडं काही दिवसांआड पाणी, तर याला जबाबदार कोण धरतो ते विचारा, नगरसेवक, आमदार का खासदार? पाणी महापालिकेचं हे ठाऊक असूनही राग विधानसभेला काढणारे मला लई भेटले.

जात आणि रील्स यावर सगळेच बोलतात, त्यामुळं तिथं फार अडकू नका. फक्त मोबाइल उघडायला सांगून शेवटच्या तीन राजकीय रील्स कुणाच्या दिसतात तेवढं बघा.

खरा वेळ नोकरीसाठी पुण्याला जाण्याच्या विषयाला द्या. आमच्या शेजारचा पोरगा, वडील यंत्रमागावर टॉवेल काढायचे, हा हिंजवडीत आयटीत आहे, रविवारी रात्री बॅगेत शेंगाचटणीचा डबा कोंबता कोंबता मला म्हणाला, "दादा, पगार थोडा कमी चालेल, पण इथं नोकरी कोण आणतंय तेवढं सांगा, मत त्याला." घरचा पक्ष त्यानं तिथंच सोडला होता. असं वाक्य कानावर आलं की मधे बोलू नका, ऐकत रहा.

आणि लोकसभा, विधानसभा वेगवेगळी विचारा. जून २०२४ ला सोलापूर लोकसभा काँग्रेसकडं गेली आणि नोव्हेंबरला शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण तिन्ही भाजपकडं. मधल्या काळात लाडकी बहीणचे १५०० आईच्या खात्यात यायला लागले, त्यानं तुझं मत हललं का आईचंच, हे सरळ विचारा, पोरं खरं सांगतात.

शेवटी मतदार यादीत नाव आहे का विचारा. नसेल तर तिथंच बसून त्याच्याच मोबाइलवर नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरून घ्या, १८ पूर्ण व्हायच्या तारखा आता वर्षात चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.