अंगावरून वारं गेलेल्या माणसाला खुर्चीतून उठवायचं कसं

अंगावरून वारं गेलेला माणूस हॉस्पिटलातून घरी आला की घरातलं जो तो त्याचा लुळा हात धरून ओढतो. नका हो ओढू. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळे हात ओढला की सांधा खाली सरकतो आणि दुखणं मागे लागतं ते महिनोन्महिने जात नाही.

बोबाथ नावाच्या नवरा-बायकोने, ती फिजिओ, तो डॉक्टर, १९४० च्या दशकात लंडनमध्ये एक पद्धत काढली: आपण हाताने फक्त दिशा द्यायची, हालचाल पेशंटने करायची. बाकी पद्धतींपेक्षा ती भारी आहे असं अभ्यासांत काही दिसलेलं नाही, पण हात कुठे लावायचा हे मात्र त्यातून छान कळतं. तालुक्याच्या फिजिओला एकदा घरी बोलवून समोर करून घ्या, मग रोज तुम्ही करा.

खुर्ची लाकडी, जड, भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची सारवलेल्या पडवीत सरकते, आणि पाटावरून किंवा खाली बसलेल्याला उठवायच्या फंदात आत्ता पडूच नका.

आधी पेशंटला कडेपर्यंत पुढे सरकवा. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. तुम्ही लुळ्या बाजूला बसा, एक हात त्या गुडघ्यावर ठेवून टाचेच्या दिशेने हलकेच दाबा म्हणजे पायावर वजन येतंय हे त्याला जाणवतं, दुसरा हात कमरेमागे. मग सांगा, "आबा, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्या." तेवढं वाकलं की बूड आपोआप उचलायला लागतं, तुम्ही बगलेत हात घालून उचलायचं नाही, थोडं थांबायचं, त्याला वेळ लागतो आणि आपल्यालाच घाई असते. उभं राहिल्यावर गुडघा दुमडायला लागला तर आपल्या गुडघ्याने समोरून टेकू द्या. बसतानाही तसंच पुढे वाकून, हळू, धपकन नाही.

चार-पाच वेळा झालं की विश्रांती. चक्कर आली, धाप लागली, छातीत दुखलं तर लगेच बंद, आणि डॉक्टरला कळवा.

आवळलेली बोटं झटक्याने उघडू नका, अजून आवळतात. अंगठ्याच्या बुडापासून सावकाश सोडवा. खोबरेल तेलाने चोळलं तर बरं वाटतं, चोळा की, पण ताकद त्याने येत नाही. आणि पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ असतं तोवर हा सराव घरातच.