फुकट ट्रायल घ्या, पण पिन टाकायच्या आधी खालची ओळ वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाइलचं दुकान आहे. "दादा, ॲप फुकट म्हणालं होतं की, मग खात्यातनं पैसे कसे गेले?" हे विचारणारं कुणी ना कुणी येतच असतं.

ट्रायल मागणारा फुकट्या, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. मार्केट यार्डात गुळाची ढेप घ्यायच्या आधी खडा जिभेवर ठेवतोच की आपण. ॲपला तर ना रंग, ना वास. वापरल्याशिवाय कळणार कसं? शिवाय आणखी एकाला आठवडाभर आत घ्यायला कंपनीचं फारसं काही जात नाही, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. त्यात सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट दिला. तेव्हापासनं 'आधी वापरू, मग बघू' हे अंगवळणीच पडलंय.

तर ट्रायल जरूर घ्या. फक्त सवड असेल तेव्हा घ्या. गणपतीत सुरू केली तर मंडपातनं रात्री उशिरा घरी आल्यावर कोण ॲप उघडतंय?

खरी गोम यूपीआयच्या पडद्यावर असते. वर ठळक अक्षरात १ किंवा २ रुपये दिसतात. खाली बारीक अक्षरात ऑटोपेचं मँडेट, म्हणजे खात्यातनं आपोआप पैसे कापायची परवानगी: जास्तीत जास्त किती रक्कम, किती दिवसांनी, कोणत्या तारखेपर्यंत. ही तारीख कधीकधी वीस-तीस वर्षं पुढची असते! पिन टाकला की तुम्ही या सगळ्याला हो म्हणालात. पुढं १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला सहसा पुन्हा पिन विचारत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, पण लोनच्या जाहिरातींच्या गर्दीत तो बघतंय कोण.

ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं नाही. निम्मी भांडणं इथंच होतात. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन कॅन्सल करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबलं की 'सबस्क्रिप्शन्स' दिसतं. तिथं मुदत संपायच्या निदान एक दिवस आधी कॅन्सल करावं लागतं. यूपीआयवरनं थेट मँडेट दिलं असेल, तर त्याच यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ते रद्द करा. मी तर गिऱ्हाइकाला ट्रायल सुरू केल्या केल्याच कॅन्सल करायला लावतो. बहुतेक ॲप तरीही शेवटच्या दिवसापर्यंत चालतात. एखादं लगेच बंद पडतं, म्हणून आधी तिथली सूचना वाचायची.

फुकट सबस्क्रिप्शनसाठी ऑटो-डेबिटची सक्ती करणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या 'डार्क पॅटर्न' (म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणारी ॲपची किंवा वेबसाइटची मांडणी) मार्गदर्शक सूचनांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणून नोंदलंय. कॅन्सलचं बटण मुद्दाम लपवणंही त्यातच येतं. असं झालं तर मँडेटचा आणि पैसे गेल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आधी कंपनीला लिहा, आणि दाद लागली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.