वर्गातली 'वेगळी' मुलं: शिक्षकांनो, या चुका टाळा

सांस्कृतिक मानवशास्त्राचं, म्हणजे माणसांच्या चालीरीती आणि जगण्याच्या पद्धतींच्या अभ्यासाचं, एखादं प्रकरण वाचलं की वेगळ्या वातावरणातली मुलं आपोआप कळू लागतात, अशी भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती उरते एक यादी: या समाजाची मुलं लाजरी, त्या समाजाची दंगेखोर. सराव पाठांच्या वह्यांत अशी यादी दिसली की मी सरळ फुली मारतो.

खरा राग आहे तो 'मूल बोलत नाही' या शेऱ्यावर. एका छात्राध्यापिकेनं एका मुलीबद्दल लिहिलं होतं, "घुमी आहे. आकलन कमी. घरात भाषेचे संस्कार नाहीत." निदानांची रांग, निरीक्षण शून्य! तिला म्हटलं, उद्या शिकवू नका. मागच्या बाकावर बसा आणि ही मुलगी कधी, कुणाशी, काय बोलते तेवढंच टिपा. "सर, पण माझे पाठ राहतील." राहू देत. वही भरत गेली तसं दिसलं, की मधल्या सुट्टीत हीच मुलगी खेळाचे नियम ठरवते, भांडणं मिटवते. वाचा बसते ती फक्त बाईंनी चित्र दाखवून "हे काय आहे?" विचारल्यावर. बाईंना तर दिसतंच आहे काय आहे ते!

शर्ली ब्राइस हीथ या अभ्यासिकेनं अमेरिकेतल्या कॅरोलिना भागात, 1969 ते 1978 या काळात, गिरणी कामगारांच्या वस्त्यांमध्ये नेमकं हेच पाहिलं. तिथल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत मोठी माणसं मुलांना स्वतःला उत्तर ठाऊक असलेले प्रश्न फारसे विचारत नसत. विचारत ते "हे कशासारखं आहे?" अशा धाटणीचे. शाळेत मात्र पहिल्याच प्रकारच्या प्रश्नांचा भडिमार. मुलं गप्प बसली आणि शिक्षकांनी त्यांना मंद ठरवलं. पुढे हीथ यांच्यासोबत शिक्षकांनी प्रश्नांची पद्धत बदलली, तशी मुलं उत्तरं देऊ लागली. म्हणून मी आधी एका तासात शिक्षकानं विचारलेले सगळे प्रश्न लिहायला लावतो आणि उत्तर आधीच माहीत असलेले खोडायला सांगतो. पान बहुधा कोरंच उरतं.

"तुमच्यात कसं करतात, सांग बरं सगळ्यांना." आठ वर्षांच्या पोराला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करू नका.

वर्षातून एकदा पोशाख घालून नाचवणं म्हणजे विविधता नव्हे. फोटो छान येतात, एवढंच.

गृहभेटीला तक्रार घेऊन जाऊ नका, शिकायला जा. शिक्षण-संशोधक लुई मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या ट्यूसनमध्ये शिक्षकांनाच मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या घरी पाठवलं. तिथे शेती, बांधकाम, दुरुस्ती, घरगुती औषधं असं ज्ञानाचं भांडार निघालं, जे शाळेच्या गावीही नव्हतं. "सर, एक फॉर्म द्या ना, पटकन भरून टाकतो," असं म्हणणारा प्रत्येक तुकडीत असतोच. मी फॉर्म देत नाही. वही त्या घरातून बाहेर पडल्यावरच उघडायची.

"त्यांच्यात चालतं हो" ही पळवाट आहे. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या परंपरेतला सांस्कृतिक सापेक्षतावाद सांगतो, की आधी समजून घ्या, आपली फूटपट्टी नंतर काढा. मुलाच्या अंगावर वळ दिसले तरी गप्प बसा, असं तो सांगत नाही.

आणि सगळ्यात चिवट चूक म्हणजे निरीक्षणातून स्वतःला वगळणं. 1950च्या दशकात मानवशास्त्रज्ञ जॉर्ज स्पिंडलर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका तरुण शिक्षकाचा अभ्यास केला. वरिष्ठांच्या मते तो उत्तम, स्वतःच्या मते निःपक्षपाती. नोंदी मात्र सांगत होत्या, की त्याचं लक्ष आणि आपुलकी स्वतःसारख्याच मध्यमवर्गीय गोऱ्या मुलांकडे झुकते. त्याला पत्ताच नव्हता. तेव्हा आठवडाभर एका सहकाऱ्याला मागे बसवा, हातात कोणतं मूल कुठे बसतं याचा नकाशा द्या. तुम्ही कुणाला नावानं हाक मारली, कुणाच्या उत्तरासाठी थांबलात, त्या प्रत्येक वेळी नकाशावर रेघ. दोन दिवसांत "कळलं, बास" म्हणाल. आठवडा पुरा करा, कारण पहिले दोन दिवस सगळेच सांभाळून वागतात.