थंड पाण्यासाठी ऑक्टोपस निवडताना

स्कूबा डायव्हिंगमध्ये ऑक्टोपस म्हणजे बॅकअप रेग्युलेटर, सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं जादा उपकरण. तारकर्लीच्या कोमट पाण्यात वेळेवर सर्व्हिसिंग केलेला साधा ऑक्टोपस चालून जातो. आइसलँडच्या सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश; तिथे तो नेऊ नका. युरोपीय मानक ईएन २५० नुसार १० अंशांखालचं पाणी ‘थंड’. रेग्युलेटरवर ‘>१०°से.’ असं कोरलेलं असेल तर तो बाद.

खरी अडचण फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात असते. सुमारे २०० बारची हवा तिथे एकदम १० बारच्या आसपास येते आणि शून्याखाली गार होते. स्प्रिंगभोवती बर्फ धरला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो, हवा धो-धो वाहते. एकाच फर्स्ट स्टेजवर दोघं श्वास घेऊ लागले की प्रवाह दुप्पट, गारवाही जास्त, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी दगा. म्हणून बॅकअपला स्वतःची फर्स्ट स्टेज हवीच: सीलबंद डायफ्रॅमची (स्प्रिंगपर्यंत पाणी न पोचू देणारी), सिलिंडरच्या दोन तोंडांच्या व्हॉल्व्हवर बसवलेली. एक गोठली तर तिचा सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरीवर जाता येतं. हा हात आधी उथळ पाण्यात, जाड हातमोजे घालून बसवा. बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) यांच्या नळ्याही दोघींत वाटून द्या.

सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, शक्यतो धातूची. प्लास्टिकपेक्षा ती पाण्याची ऊब लवकर घेते. बॅकअप किंचित ‘जड’, म्हणजे जरा जोराने ओढल्यावरच हवा देणारा, लावून घ्या; व्हेंच्युरी खटका (हवेचा झोत कमी-जास्त करणारा) ‘−’ वर. पाण्याबाहेर त्यातून श्वास घेऊ नका, उच्छ्वासातली वाफ आत गोठते.